धुराला विचारायची वेळ

गॅलरीतल्या दोरीवरून कपड्याचा एक चिमटा निसटला आणि फरशीवर पडला. टप्. एवढासाच आवाज, पण झोपलेल्या घरात तो केवढा तरी वाटला. स्वयंपाकघरात कणीक भिजवत असलेली ती दचकली आणि हात तसेच पिठाचे ठेवून आधी आतल्या खोलीत डोकावली. ढब्बू जागी झाली नव्हती. जन्मली तेव्हा लेक गोल गरगरीत, म्हणून आत्याने लाडाने ढब्बू नाव ठेवलं होतं. पाच वर्षांत पोरगी काडी झाली, तरी नाव तेच राहिलं.

चिमटा उचलायला ती गॅलरीत आली आणि वाकता वाकता थांबली.

दोरीवर चादर वाळत होती. चिमटा सुटला होता, तरी चादरीचं टोक हलत नव्हतं. खाली अंगणातल्या झाडाचं पानही नाही. उन्हं उतरायला लागली होती आणि समोरच्या डोंगराची सावली गावावर सरकत येत होती. सावली जिथवर पोचली होती तिथवर घरांच्या छपरांवर पांढुरकं काहीतरी साचलं होतं. धुकं म्हणावं तर ही धुक्याची वेळ नव्हे.

चिमटा तसाच ठेवून ती कठड्याशी गेली.

हे गाव म्हणजे डोंगरांनी तीन बाजूंनी धरलेली ओंजळ. चौथ्या बाजूला खिंड, आणि खिंडीच्या तोंडाशी त्यांची कौलांची भट्टी. गेल्या थंडीत ढब्बूला ऑक्सिजन लावावा लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या वाडग्यात बोट फिरवत समजावलं होतं, "हे तुमचं गाव. पावसाळ्यात वाडगा धुऊन निघतो. उन्हाळ्यात वारा सगळं उडवून नेतो. पण पाऊस संपून थंडी पडली, की संध्याकाळी डोंगरावरची गार हवा उतरते आणि तळाशी बसते. वर गरम हवेचं झाकण. मग तुम्ही चूल पेटवा, पाला जाळा, गाडी चालवा, सगळं आतच. या मुलीला त्या दिवसांत जपायचं."

जपायचं म्हणजे काय करायचं, ते मात्र सासऱ्यांनी करून दाखवलं होतं. भट्टी पेटवायच्या आधी ते धुराला विचारत. लोखंडी पाटीत निखारे, त्यावर मूठभर ओला भुसा, की पांढरा दाट धूर निघायचा. तो कुठे जातो ते बघायचं. एकदा भट्टीपाशी आणि एकदा घराच्या गच्चीवर. खिंडीतला धूर गोड बोलतो, गावातला खरं बोलतो, असं ते म्हणत. दोन्हीकडचा बाहेर गेला तरच काडी लावायची. या पावसाळ्यात सासरे गेले. भट्टी धाकट्या दिराकडे आली आणि गच्चीवरची पाटी तिच्याकडे.

आज भट्टी भरून तयार होती. सकाळी दिराचा फोन आला होता, "वहिनी, आज मुहूर्त आहे. तेवढं धुराला विचारा आणि कळवा. हो म्हणाला तर संध्याकाळी लावतो." आणि तिने विचारलंही होतं. ढब्बू जेवून झोपली, सासूबाई लवंडल्या, हाताला जरा उसंत मिळाली, तेव्हा टळटळीत दुपारी ती पाटी घेऊन वर गेली होती. धूर सरळ वर चढला, डोंगरापलीकडे विरून गेला. तिने आनंदाने कळवलं, "जातोय!"

तिचं माहेर समुद्रकाठचं. तिथे वारा पाहुणा नव्हता, घरातलाच होता. दुपारी होता तोच संध्याकाळी. धुराला कधी विचारलं यानेही उत्तर बदलतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

ती धावत गच्चीवर गेली. दुपारची पाटी तिथेच होती. राख उकरून तिने तळातल्या निखाऱ्यावर फुंकर घातली, भुसा टाकला. धूर निघाला, नारळाच्या झाडाएवढा सरळ वर गेला आणि तिथे कुणी हात आडवा धरावा तसा अडला. मग पसरला, दुधावर साय धरते तसा. आणि हळूहळू खाली उतरायला लागला. तिच्याच अंगावर.

तिने दिराला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. आगीजवळ जाताना तो फोन सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि सदरा शेडमधल्या खुंटीला टांगतो, हे तिला ठाऊक होतं. नवरा कौलांचा ट्रक घेऊन परगावी गेलेला, त्याला सांगून तिथून काय होणार?

खाली आली तर ढब्बू उठून बसली होती. खोकत होती. कोरडा, आखूड खोकला, दाराशी येऊन पुन्हा मागे फिरणाऱ्या माणसासारखा. सासूबाई तिची पाठ चोळत होत्या.

"आई, माझ्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "मी दुपारी विचारलं. आता धूर जात नाहीये. भाऊजी फोन उचलत नाहीत."

सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं. आयुष्य भट्टीवाल्याच्या घरात गेलेलं, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही.

"तुझा नवरा आणि वारा," त्या म्हणाल्या, "गरजेला दोघेही घरात नसतात. जा तू. स्कूटर काढ."

"पण ही..."

"ही माझीही कोणीतरी लागते. तिचा श्वासाचा पंप कुठेय तो दाखव, आणि तो नळा लावायचा कसा ते पुन्हा एकदा सांग. मागच्या खेपेला मी उलटा लावला होता."

तिने पंपाला प्लास्टिकचा नळा लावून दाखवला, खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला ओला पंचा लावला. ढब्बू बघत होती.

"आई, कुठे चाललीस?"

"काकाकडे. लगेच येते."

"मी पण."

"तू आजीला पंप शिकव. तिला येत नाही."

"आजीला काहीच येत नाही," ढब्बू म्हणाली आणि हसता हसता तिला पुन्हा खोकला आला.

रस्त्यावर गावाची नेहमीची संध्याकाळ चालू होती. इस्त्रीवाला कोळशाला वारा घालत होता. शाळेच्या शिपायाने मैदानातला पाला ढीग करून पेटवला होता आणि हात मागे बांधून मोठ्या समाधानाने बघत उभा होता. चहावाल्याची शेगडी, वळणावर धूर सोडत उभा असलेला टेम्पो. एरवी यातलं काहीही तिच्या डोळ्यात आलं नसतं. आज प्रत्येक धूर तिला दिसत होता. प्रत्येक सरळ वर जात होता, अडत होता, आणि आडवा होऊन शेजारच्या धुराच्या गळ्यात गळा घालत होता. उताराच्या गल्ल्यांमधून गार हवा तिच्या पायांना लागत होती. पाणी उतरावं तशी हवा उतरत होती.

खिंडीचा चढ लागला. भट्टीचं धुराडं दिसलं. धुराड्यातून धूर निघत होता.

शेडसमोर स्कूटर तशीच भिंतीला टेकवून ती धावली. भट्टीचं दार विटांनी बंद करून मातीने लिंपून झालं होतं. खालच्या दोन्ही तोंडांत बारीक लाकडं जळत होती. म्हणजे अजून कोवळी आचच होती. कच्ची कौलं आधी हळूहळू शेकायची, त्यातलं पाणी जाऊ द्यायचं, मग ओंडके लावून पक्की आच. पक्की आच लागली की भट्टी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पार जळून संपेपर्यंत. ओंडके तोंडाशी आणून ठेवलेले होते. दीर, घामाने डबडबलेला, आत डोकावून बघत होता.

"भाऊजी, थांबवा!"

तो वळला आणि हसला. "अरे वा, वहिनी! मुहूर्ताला आलात. पेढे आणलेत की नुसत्याच आलात?"

"थट्टा पुरे. विझवा ही. गावात धूर अडलाय. बाहेर जात नाहीये."

त्याचं हसू अर्धवट राहिलं. "अहो, पण तुम्हीच म्हणालात, जातोय म्हणून."

"दुपारी विचारलं होतं मी."

"दुपारी?"

"ढब्बू झोपली होती. तेवढाच वेळ मिळाला मला." आपला आवाज चढतोय हे तिला कळत होतं. "मला काय माहीत, दुपारचं उत्तर संध्याकाळी चालत नाही ते? बाहेरून आलेय मी, कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

पलीकडे ओंडक्यावर बसून घाम पुसत असलेला भट्टीचा मिस्त्री म्हणाला, "दुपारी धूर सगळ्यांनाच हो म्हणतो बाई. ऊन असतं ना. नव्या जावयासारखा असतो तो, कशालाच नाही म्हणत नाही."

कुणी हसलं नाही.

"इथे तर जातोय," दीर म्हणाला. त्याने पाटी ओढली, मूठभर भुसा निखाऱ्यांवर टाकला. धूर निघाला आणि जमिनीलगत सरपटत खिंडीबाहेर निघून गेला, सरळ, शहाण्या मुलासारखा. "बघा. तुमच्या डोळ्यांसमोर."

तिने पाहिलं. क्षणभर तिलाच वाटलं, की आपण उगाच जीव तोडून धावत आलो. मग तिने मान वर करून धुराड्याकडे पाहिलं. शेडच्या पत्र्यांमुळे धुराड्याचं तोंड तेवढं दिसत होतं, त्याच्या वरचं काही नाही.

"वरच्या कड्यावर चला," ती म्हणाली.

"वहिनी, आच सोडून..."

"मिस्त्री बघतील. चला म्हणते ना!"

मोठ्या वहिनीने या स्वरात सांगितल्यावर त्याला जावंच लागलं. भट्टीमागच्या पायवाटेने दोघे चढले. ती पुढे, चप्पल घसरत होती, पदर काट्यांत अडकत होता. कड्यावर पोचून ती वळली आणि गावाकडे हात केला.

खाली गाव नव्हतं. म्हणजे होतं, पण एका करड्या गोधडीखाली. पाण्याच्या टाकीचं डोकं आणि चार-दोन उंच झाडं तेवढी वर आलेली. गोधडीच्या वर हवा काचेसारखी स्वच्छ, पलीकडच्या डोंगरावरची झाडं मोजून घ्यावीत इतकी. आणि त्यांच्या स्वतःच्या धुराड्यातून निघालेला धूर काठीसारखा सरळ चढत होता, जरा वर जाऊन मोडत होता, आणि खिंडीबाहेर नव्हे, आत, गावाकडे कलत होता. पायाशी एक वारा, डोक्यावर दुसरा.

दीर कड्याच्या टोकापर्यंत गेला.

"अजून कोवळी आच आहे ही," ती म्हणाली. "ओंडके लागल्यावर काय होईल?"

"कळतंय मला." त्याने तोंडावरून हात फिरवला. काजळीची रेघ गालावर ओढली गेली. "पण आता विझवली तर कौलांच्या पुढच्या रांगा तडकणार, वहिनी. सगळ्या. माझी पहिली भट्टी आहे ही. बाबांनंतरची पहिली. सगळे बघतायत, पोराला जमतंय का." त्याचा आवाज लहान झाला. मग एकदम त्याला काही सुचलं. "ऐका. ढब्बूला आत्याकडे नेऊ. आत्याचं घर पार वर आहे, या धुराच्या वर. मी आत्ता टेम्पो काढतो. भट्टी संपेपर्यंत राहील तिथे. मिस्त्री इथे सांभाळतील. तिलाही त्रास नाही आणि इथेही..."

तो मनापासून बोलत होता. ढब्बूला पहिली सायकल यानेच घेऊन दिली होती, आणि तिच्या मागे कंबर वाकवून गल्लीभर हाच धावला होता. तिला मोह झाला. खरंच झाला. आत्याचं अंगण, वरचं स्वच्छ आकाश, ढब्बू शांत झोपलेली. खाली धूर असेना का. हो म्हणायला तिने तोंडही उघडलं.

फोन वाजला. सासूबाई.

"पंप दिला," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात नेहमीचा टोमणा नव्हता, म्हणूनच ती घाबरली. "दोनदा दिला. पण बरगड्यांच्या मध्ये खड्डे पडतायत गं तिच्या. झोपायला तयार नाही, बसूनच राहिलीय. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणतात, थोड्या वेळाने अजून द्या, नाही उतरलं तर घेऊन या. आणि म्हणाल्या, आता बाहेरच्या धुरात फिरवू नका उगाच."

फोनमधून सासूबाईंच्या शब्दांच्या मागे आणखी एक आवाज येत होता. श्वासाची शीळ. बारीक, लांबलेली, मध्येच तुटणारी. कड्यावर वारा नव्हता, पाखरं घरट्यात गेली होती. ती शीळ दिरालाही ऐकू गेली.

तो उतरायला लागला. पायवाट सोडून, सरळ उतारावरून, बसत, घसरत. ती खाली पोचेपर्यंत त्याने लांब दांड्याचं फावडं उचललं होतं आणि भट्टीच्या तोंडातले निखारे बाहेर ओढायला सुरुवात केली होती. मिस्त्री उठून उभा राहिला.

"धाकटे मालक, विचार करा. पुढच्या रांगा..."

"तडकू द्या."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पोराला जमलं नाही. म्हणू द्या. तुम्ही दुसरं तोंड घ्या. आणि पाणी मारू नका, एकदम गार झाली तर भिंतही जाईल. माती टाका निखाऱ्यांवर."

मिस्त्रीने अंगातली बंडी काढली आणि तो दुसऱ्या तोंडाशी गेला. तिने शेडमधली पाटी घेतली आणि मातीच्या ढिगाकडून तोंडाकडे, तोंडाकडून ढिगाकडे फेऱ्या मारायला लागली. निखाऱ्यांचा झळझळीत लोट अंगावर यायचा, माती पडली की फुस्स करून दबायचा. मग आतून एक आवाज आला. कट्. थोड्या वेळाने दुसरा. कट्, कट्. दीर क्षणभर थांबला, डोळे मिटले, आणि पुन्हा फावडं घातलं.

तोंडं लिंपून झाली. धुराड्यातून शेवटचा धूर तुटक तुटक निघाला.

"तुम्ही मागे बसा," तो म्हणाला. "स्कूटर मी चालवतो."

गोधडीत शिरताना ते दोघांनाही जाणवलं. उतारावरच्या एका ठरावीक वळणाशी हवा बदलली, जणू दार उघडून कुणाच्या कोंदट खोलीत शिरावं. डोळे चुरचुरले. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसत होती. तिने पदर नाकाशी धरला आणि मनात एकच चालू होतं: बसून राहिलीय म्हणाल्या, बसून राहिलीय.

ढब्बू खरंच बसली होती. पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे कानांपर्यंत आलेले. तिने मान वर केली पण बोलली नाही. बोलण्यावर खर्च करायला श्वास नव्हता. सासूबाईंच्या हातात नळा होता, या वेळी सुलटा.

ती लेकीच्या मागे बसली, तिला छातीशी टेकवून घेतलं आणि नळा तिच्या तोंडाशी धरला. "हं. हळू. फुंकर सोडल्यासारखा सोड. माझ्याबरोबर." ती स्वतः श्वास घ्यायची आणि लेकीचा श्वास तिच्या मागून धापा टाकत यायचा, रस्त्यात हात सुटलेल्या पोरासारखा. पुन्हा. पुन्हा. दीर दाराशी उभाच. सासूबाईंनी ओला पंचा पिळून पुन्हा फटीला लावला आणि मग काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून तोच पुन्हा काढून पिळला.

"टेम्पो काढून ठेवू का?" दिराने विचारलं.

"थांबा जरा."

पोरीच्या पाठीचं हाडन् हाड तिला स्वतःच्या छातीवर कळत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. आधी खांदे उतरले, एक मग दुसरा. मग शीळ जाड झाली, मग फुटली, आणि मग ढब्बू खोकली. ओला, भरलेला, पूर्ण खोकला. सासूबाईंनी हातातला पंचा बाजूला ठेवला.

"बाई गं," त्या म्हणाल्या. "कफ सुटला." आणि दिराकडे बघून, "तू काय दारात खांबासारखा उभा? तोंड धू. भूत दिसतोयस. पोर घाबरेल."

"नाही घाबरत," ढब्बू म्हणाली. तिचा पहिला शब्द. आवाज बसलेला होता, पण शब्द होता.

दीर खाली वाकला. हसायचा प्रयत्न केला. "काय गं ढब्बूशेठ?"

"भट्टी लावली काका?"

"नाही. आज नाही."

"का?"

"वारा नाही ना आज."

ढब्बूने थोडा श्वास गोळा केला. "वारा आला की लावणार?"

"हो."

"मग मला खोकला येणार?"

"नाही गं राणी," ती मागून म्हणाली, तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत. "वारा आला ना, की आपला धूर खिंडीतून बाहेर निघून जातो. इथे राहतच नाही. तुला काही होणार नाही."

ढब्बू आईच्या छातीला टेकली. डोळे मिटत आले होते. सगळ्यांना वाटलं झोपली. दीर पाय न वाजवता वळला, सासूबाईंनी दिवा बारीक केला. तेवढ्यात तिने मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाहेर म्हणजे कुणाकडे, आई?"